रुखवताच्या टेबलापाशी

आमच्या आसगावात कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं की दोन घरी निरोप जातो. एक आचाऱ्याकडे, दुसरा माझ्याकडे. आचारी पंगतीचं बघतो, मी रुखवताचं. नवरीनं आपल्या हातानं केल्या म्हणून ज्या वस्तू मांडवात टेबलावर मांडून ठेवतात ना, क्रोशाचे रुमाल, लोकरीचं तोरण, उशीचे अभ्रे, बाटलीची बाहुली, त्या सगळ्या माझ्या हातच्या. नवरीला सुई कोणत्या टोकानं धरायची तेही ठाऊक नसतं, पण टेबलावर चिठ्ठी तिच्या नावाची. बाया रुमाल उलटा करकरून बघतात, "पोट्टीच्या हाताले वळन आहे बा," म्हणतात, आणि मी दोन हात लांब उभी राहून ऐकते. या खोटेपणाची मला कधी लाज वाटली नाही. हात कुणाचे ते अख्ख्या गावाला माहीत असतं. पण माझं नाव घेऊन कुणी बोलत नाही, ते मात्र टोचायचं. खोटं कशाला बोलू.

माझ्या एकुलत्या एक पोरीचं रुखवत कधी मांडलं जाणार नाही, हे ती आठवीत होती तेव्हाच कळलं. लहानपणापासून तिचे हातपाय सुजायचे, रडून रडून घर डोक्यावर घ्यायची. आम्ही वात म्हणून तेल चोळत बसलो. मग शाळेत रक्त तपासलं आणि सिकलसेल निघाला. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि शिरांमध्ये अडकून बसतात, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. यांच्या रक्तात अर्धा दोष, माझ्या रक्तात अर्धा. आम्हा दोघांना काहीच होत नाही, लेकीच्या वाट्याला मात्र दोन्ही अर्धे आले. आमच्या लग्नाआधी पत्रिका तीन ठिकाणी दाखवली होती. रक्त कुणी बघितलं नाही. आता आमच्या भागात स्थळ आलं की आधी सिकलचं कार्ड विचारतात, आणि तिचं कार्ड पाहिल्यावर पाहुणे चहा घेऊन उठतात. दोनदा उठले. तिसऱ्यांदा मीच कुणाला बोलावलं नाही.

या दुखण्याचा मोठा वैरी म्हणजे हिव. थंडी म्हणा तुम्ही, आम्ही हिव म्हणतो. रोजच्या गोळ्या घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचं, आणि अंगाला हिव लागू द्यायचं नाही. एवढं करूनही दर हिवाळ्यात एकदा तरी भंडाऱ्याचा दवाखाना व्हायचाच. मोटरसायकलवर पुढे हे, मध्ये ती, मागे मी, आणि तिच्यावरून आम्हा दोघींना मिळून गुंडाळलेली चादर. दर खड्ड्याला ती कण्हायची आणि मी रस्ता बांधणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. हे काही बोलायचे नाहीत. यांचं बोलणं एरवीही मोजकंच, धानाच्या शेतात, बांधीत दिवसभर एकटं राहून सवय झालेली.

पोरीला माझं विणकाम यायचं नाही. गार हातांनी सुया धरल्या की बोटं दुखायची. तिला वाचनाचं वेड. दर बुधवारी एस.टी.नं पवनीला जायची, वाचनालयातून दोन पुस्तकं आणायची आणि मला वाचून दाखवायची. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, वाचता मला छान येतं, पण हातात सुया असल्या की डोळे कुठून आणायचे? म्हणून आमची एक पद्धत पडली होती. जाळीच्या विणीत एक सुई, म्हणजे एक ओळ, नक्षीची असते. टाके मोजायचे, दोरा पुढे घ्यायचा, दोन टाक्यांचा एक करायचा, सगळं लक्ष तिथे. परतीची सुई नुसती उलट टाक्यांची, ती हात आपोआप करतात. तर नक्षीच्या सुईला ती गप्प बसायची आणि परतीच्या सुईला वाचायची. एखादी बाई नवऱ्याचं घर सोडून फाटकाशी पोचली की माझी सुई संपायची. मग त्या बाईनं तिथंच उभं राहायचं, माझ्या जाळीचं एक भोक इकडचं तिकडे होईपर्यंत. पोरगी तेवढ्यात मनातल्या मनात पुढचं वाचून घ्यायची आणि तिचं तोंड बघून मला कळायचं की आता कोणीतरी मरणार.

"सांगू नको वं," मी म्हणायची.

"मी कुठं सांगून राहिली? तूच माह्या तोंडाकडे पाहून राहिली."

अशा रीतीनं आम्ही किती कादंबऱ्या संपवल्या त्याचा हिशोब नाही. एकेका लेखकाला मी शिव्या घातल्या. मेला एका सूर्योदयाला चार पानं लावायचा, आणि सुनेच्या बाळंतपणाला एक ओळ. पोरगी हसायची. हसली की तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा दिसायचा, म्हणून मला तिचं हसू पुरतं बघवायचं नाही.

बी.ए. झाल्यावर तिनं एक दिवस जेवताना विषय काढला. नागपूरला ग्रंथपालाचा एक वर्षाचा कोर्स असतो. पवनीच्या वाचनालयातल्या मॅडमनी सांगितलं होतं. होस्टेल आहे, जवळ मोठा दवाखाना आहे. तिला पुस्तकांमध्ये बसून नोकरी करायची होती. लग्न होणार नाही तर आम्ही गेल्यावर तिनं काय करायचं, हा प्रश्न आम्ही दोघं मनात वागवत होतो. तिनं उत्तर आणून ताटाशी ठेवलं. यांनी हात धुतले, दारापुढच्या छपरीत जाऊन बसले आणि बऱ्याच वेळानं आत येऊन म्हणाले, "एक हिवाळा दवाखान्याची पायरी न चढता काढ. दसरा ते होळी. आपली काळजी आपन घेऊ शकते, हे मले दिसू दे. मंग मी सोता पोचवून देईन."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. मी तिच्यासाठी स्वेटर विणला, दुपदरी जाड लोकरीचा, हात बोटांपर्यंत, गळा हनुवटीपर्यंत. करडा रंग, कारण जाड लोकर पवनीत तेवढीच मिळाली. पोरगी त्याला घोंगडी म्हणायची, पण अंगातून काढायची नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. पौषात धुकं तलावावरून सरळ घरात येतं, त्या दिवसांतही ती धडधाकट राहिली. पाण्याची बाटली स्वतः भरायची, गोळ्या स्वतः घ्यायची, मला आठवण करायची गरज पडली नाही. हे रोज सकाळी तिच्याकडे एकदा बघायचे आणि बांधीत जायचे. एकदा मला म्हणाले, "बरी दिसून राहिली." यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

त्याच हिवाळ्यात मी शाल विणायला घेतली. मोबाइलवर एक परदेशी म्हातारी विणून दाखवायची, तिचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तिचे हात कळत होते. केसासारखी बारीक लोकर, डाळिंबी रंगाची. नागपूरहून मागवली. पानांची नक्षी, पानाच्या मध्ये शिर, कडेला टोकं. दहा सुया झाल्या की टाक्यांमधून एक पांढरा दोरा ओवून ठेवायचा, म्हणजे चुकलं तर तिथवरच उसवता येतं. मी चार वेळा उसवली. एकदा तर एकशे चाळीस टाके गळाले आणि मी सुया भिंतीवर फेकल्या. हे बांधीतून आले होते, सुया उचलून कोनाड्यात ठेवल्या आणि चहा मागितला. साडेतीन महिने ती शाल चालली. पुरी झाल्यावर पाण्यातून काढून गादीवर ताणली, चारी बाजूंनी टाचण्या लावल्या आणि वाळू दिली. टाचण्या काढल्या तेव्हा अंगठीतून ओढता येईल अशी झाली होती. मी खरंच ओढून पाहिली. अशी वस्तू पंचक्रोशीत कुणी पाहिली नव्हती, हे मी अभिमानानं सांगते. आणि तिच्यात ऊब नावाला नव्हती. जाळीच ती. विणणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागतं का?

माघात यांच्या चुलतभावाच्या पोरीचं लग्न निघालं, गावातच. रुखवत अर्थात माझंच. होळीला तीन आठवडे राहिले होते. दिवसा ऊन चटका द्यायचं, पण सूर्य कलला की तलावाकडून वारं सुटायचं. लग्न गोरज मुहूर्ताचं, मांडव तलावाच्या पाळीला लागून.

पोरगी तयार झाली. निळी साडी आणि त्यावर घोंगडी. मी बघितलं आणि माझं डोकं सणकलं.

"हे काय घालून चालली?"

"मंग? हिव नाई लागन का तिथं?"

"अंगावर शाल घे. डाळिंबी."

"वरून घेतो की."

"स्वेटरवरून घेतली तर कशी दिसन ते? टोकं कुठं दिसतीन? दोन घंट्याचं लग्न, लागलं की घरी येऊ. काढ ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला तेव्हा वाटलं, ही माझ्या हातातल्या शालीकडे बघते आहे. मग तिनं स्वेटर काढला, घडी घालून खाटेवर ठेवला आणि शाल घेतली. हे बाहेर मोटरसायकल पुसत होते. यांनी आमचं बोलणं ऐकलं नाही.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मांडवात मी तिला बायांमध्ये बसू दिलं नाही. रुखवताच्या टेबलापाशी उभं केलं. टेबलावर माझे रुमाल, माझं तोरण, माझे अभ्रे, चिठ्ठी दुसऱ्याच्या पोरीच्या नावाची. आणि शेजारी माझी पोरगी, माझी सगळ्यात चांगली वस्तू अंगावर घेऊन. येणारी प्रत्येक बाई रुमालावरून नजर उचलायची आणि शालीवर ठेवायची. हात लावायची. "हे कुठून घेतली वं?" मग मी पुढे व्हायची. "घेतली नाई, विनली. म्या विनली." पंचवीस वर्षांत जे बोलायला मिळालं नव्हतं ते मी त्या संध्याकाळी वीसदा बोलले. माझ्या पोरीचं रुखवत मी तिच्याच अंगावर मांडलं होतं, आणि लोक बघत होते. इतक्या सुखात मी माझ्या स्वतःच्या लग्नातही नव्हते.

वरात नाचत राहिली. गोरज टळून गेला. वारं आलं, मांडवाचं कापड फडफडायला लागलं. पोरीनं शाल पुढे ओढून दोन्ही हात काखेत घातले होते. मी पाहिलं. पाहिलं आणि पुढची बाई आली तशी पोरीला म्हटलं, "हात काढ गं बाई, तिले नक्षी दाखव." तिनं हात काढले आणि शाल पसरून धरली. बोटांची नखं पांढरी पडली होती. तेही मी पाहिलं. लग्न लागायला पावणेआठ झाले. मग नवरीच्या आईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.

सकाळी पोरगी उठलीच नाही. पाठ, मांड्या, छाती. श्वास घेतला की ओरडायची. यावेळी मोटरसायकलवर बसणं शक्य नव्हतं, गाडी बोलवावी लागली. दवाखान्यात नऊ दिवस. चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टर आम्हाला धड काही सांगत नव्हते. छातीत उतरलं आहे एवढंच म्हणाले. ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. मी स्टुलावर बसून तिच्या पायाला हात लावून होते. जोरात दाबलं तर दुखायचं, सोडलं तर ती डोळे उघडायची. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. सुयांना हात लावणार नाही असंही म्हणाले असेन. तेही पाळलेलं नाही.

पाचव्या दिवशी ती बोलायला लागली. हे डबा आणायला खाली गेले होते. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "मायं चुकलं. तुले हिव लागून राहिलं होतं ना तिथं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

तिनं नळी सरकवून नाकावर नीट बसवली. "तू इतकी खुशीत होती ना," ती म्हणाली. "मी तुले तशी कधी पाहिलीच नव्हती."

रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी तिची चादर नीट केली.

होळीच्या आधी घरी आलो. तिच्या उजव्या खुब्यातलं दुखणं काही गेलं नाही, आजही ती जरा तिरपी चालते. पण चालते, आणि नागपूरला होस्टेलात राहता येणार नाही असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत. उलट, मोठा दवाखाना जवळ असणं चांगलंच, असं म्हणाले. मी ते यांना दोनदा सांगितलं. हे ऐकून घ्यायचे.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी छपरीत आम्ही दोघं लाखोरी, आमच्याकडचं कडधान्य, निवडत बसलो होतो. बांधीतून नुकतीच आली होती, सूप यांच्या पुढ्यात, परात माझ्या. पोरगी आत दाराशी खाटेवर होती, पुस्तक घेऊन. मी विषय काढला. फॉर्म कधी निघतात ते बघायला हवं म्हटलं.

हे म्हणाले, "नाई पाठवत."

मी तोंड उघडलं तेवढ्यात यांनी सूप खाली ठेवलं. "दवाखान्याचं मी धरून नाई बसलो. बिमारी कोनाच्या हातातली नाई. तेवढंच असतं तं मी तिले बोल नसता लावला. पन तिनं मले सांगतलं सगळं."

मी म्हटलं, "काय सांगतलं?"

"का आई स्वेटर घाल, स्वेटर घाल म्हनून मांगं लागली होती आन् म्याच आयकलं नाई. शालीत चांगली दिसतो म्हनून तशीच गेली." यांनी एक खडा उचलून बाहेर फेकला. "मी म्हटलं होतं, आपली काळजी घेते का ते दिसू दे. घरात आई जीव तोडून सांगून राहिली तं पोट्टी आयकत नाई. नागपुरात कोन सांगन तिले? मरून जाईन तिथं. तूच सांग, पाठवू का?"

खोटं ती कधी बोलली असेल ते माझ्या लगेच लक्षात आलं. सहाव्या दिवशी मी खाली औषध आणायला गेले होते तेव्हा. यांचा राग मोजक्या वेळा बाहेर पडतो, पण पडला की वॉर्ड, माणसं काही बघत नाही. माझ्यावर भर दवाखान्यात तो निघू नये म्हणून तिनं सगळं आपल्यावर घेतलं. तिला कुठं ठाऊक होतं की हे त्याचं असं माप काढतील.

एक वाक्य होतं. स्वेटर तिनं घातला होता, मी काढायला लावला. एवढंच बोलायचं होतं. हे मला बोलले असते, आठ दिवस जेवले नसते, कदाचित हातही उगारला असता. आणि आषाढात पोरीला नागपूरला पोचवून आले असते. मला हे तेव्हाही पुरतं कळत होतं. मी मान वर केली. दारातून पोरगी माझ्याकडे बघत होती. पुस्तक तिनं बोट घालून मिटलं होतं.

मी परातीतले खडे वेचत राहिले.

भीती वाटली म्हणून गप्प बसले असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. भीती होतीच. पण "नाई पाठवत" हे शब्द कानावर पडले तेव्हा आधी काय वाटलं, ते मला आठवतं. बरं वाटलं. ती जाणार नव्हती. सुयांसमोर रिकामं घर नव्हतं. एवढी मेहनत करून मिळवलेलं तिचं जाणं मोडलं आणि तिच्या आईला आतून बरं वाटलं, आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

फॉर्मची तारीख गेली त्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते. ती ओट्याला टेकली, दुखऱ्या पायावर भार न देता.

"मले वाटलं होतं तू सांगशील," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तवा गरम झाला का पाह्य."

तिनं तव्यावर हात धरून पाहिला आणि झाला म्हणाली. त्यानंतर हा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. संध्याकाळी पुस्तक वाचते, पूर्वीसारखंच. लग्नसराईत माझे रुमाल जातात.

यंदाही फॉर्म निघाले आहेत. वाचनालयातल्या मॅडमनी कागद पाठवला, तो तिनं उघडून वाचला आणि कपाटावर ठेवून दिला. आज बुधवार, ती पवनीला गेली आहे. हे छपरीत बसले आहेत, मोकळेच. तिची एस.टी. यायला अजून दोन तास आहेत. आणि मी आत बसून हे लिहिते आहे.